हे तर सगळ्यांनाच असतं

मैल्यातली जंतांची अंडी शोधायला कातो-काट्झ पद्धतीची काचपट्टी तयार केली की आधी घड्याळ बघायचं असतं. मैल्याचा नमुना बारीक जाळीतून दाबून घ्यायचा, भोकाच्या पट्टीने मोजून सुमारे ४२ मिलिग्रॅम काचेवर ठेवायचा, ग्लिसरीन आणि मॅलकाइट ग्रीनमध्ये भिजत घातलेला सेलोफेनचा तुकडा वर दाबायचा आणि थांबायचं. ग्लिसरीन सगळं हळूहळू पारदर्शक करत जातं. अर्ध्या तासात गाळ विरतो आणि अंडी उठून दिसू लागतात. पण अंकुशकृमी, म्हणजे आतड्यात राहून रक्त पिणारा बारीक जंत, त्याच्या अंड्याचं कवच फार नाजूक. तासाभरात तेही विरतं. मोठ्या गोल जंताची अंडी जाड सालीची, तपकिरी. ती दुसऱ्या दिवशी सकाळीही जागच्या जागी असतात. अंकुशकृमीची नसतात. नमुन्यात ती होती, एवढंच. काचेवर आता काही नाही.

हे मी शिकले होते, वहीत लिहून घेतलं होतं. तरीही १९९१ च्या ऑगस्टमध्ये माझ्या हातून ते झालं.

बडोद्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा नवी होते. पादऱ्याच्या पुढे, महीच्या बाजूच्या एका गावात आरोग्य शिबिर होतं. शाळेतली मुलं तपासायची, आणि जमेल तशी घरातली मोठी माणसंही. मी शाळेच्या ओसरीवर बसून काचपट्ट्या केल्या, खोक्यात रचल्या, आणि सगळ्यांचं आवरून जीप निघेपर्यंत चार वाजून गेले. वाटेत पाऊस, त्यात टायर पंक्चर. दांडिया बाजारात घरी पोचले तेव्हा आईने देवापाशी दिवा लावून कितीतरी वेळ झाला होता. काचपट्ट्या मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन, नीट डोकं लावून वाचल्या. गोल जंत बरेच निघाले. शेवटच्या रकान्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘अंकुशकृमी आढळले नाहीत’, खाली सही केली आणि कागद पुढे पाठवला.

त्या गावातली एक गोष्ट मात्र तेव्हाच मनात राहिली होती. नमुन्यांच्या डब्या गोळा करायला मी केळीच्या एका बागेतून गेले होते. पाणी नुकतंच सोडलेलं, वर पानांची गच्च सावली, आणि पायाखाली ती गोराडू माती: रेताड, भुसभुशीत, ओली असली तरी पायाला न चिकटणारी. सात-आठ बायका अनवाणी पायांनी, वाकून, हातांनी तण काढत होत्या. एकीने पाय खाजवत घोट्याजवळचे बारीक लाल पुरळ दाखवले. आपल्याकडे पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तसलंच काही असेल असं मला वाटलं. मी विचारलं, कधीपासून? ती हसली. म्हणाली, ‘बेन, ए तो बधांने होय.’ हे तर सगळ्यांनाच असतं.

नोव्हेंबरात त्याच गावातली एक बाई आमच्याकडे दाखल झाली. पस्तिशीची असावी. एसटीतून उतरून रुग्णालयाच्या दारापर्यंत येताना ती तीनदा रस्त्यावर बसली होती, असं तिचा दीर सांगत होता. पायांवर सूज, चेहरा फुगल्यासारखा, नखं मधे खोलगट, चमच्यासारखी. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला असता तर ओघळला नसता. रक्त घ्यायला मीच गेले. बोट टोचलं तर आलेला थेंब काचेवर पातळ पसरला, कुंकू फार पाण्यात कालवावं तसा. हिमोग्लोबिन मोजायच्या साली पद्धतीच्या नळीत आम्लात रक्त टाकून त्याचा तपकिरी रंग झाला की शेजारच्या काचेशी जुळेपर्यंत थेंब-थेंब पाणी घालत जायचं असतं. निरोगी माणसाच्या नळीत पाणी घालता घालता हात अवघडतो. तिच्या नळीत तीन-चार थेंबांतच रंग जुळला. हिमोग्लोबिन ४.

डॉक्टरांनी मैल्याची तपासणी सांगितली. या वेळी मी मिठाच्या संपृक्त पाण्याची पद्धत केली: बाटलीत नमुना कालवायचा, काठोकाठ मिठाचं पाणी भरायचं, वर काच टेकवायची, वीस मिनिटं थांबायचं. हलकी अंडी वर येऊन काचेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली आणि माझा हात थांबला. लंबगोल, बिनरंगी, काचेच्या बारीक मण्यांसारखी अंडी. प्रत्येकाला पातळ कवच, आत मोकळी स्वच्छ कड, आणि मधोमध एकमेकींना बिलगलेल्या चार पेशी. एका नजरेत सात-आठ. काच कुठेही सरकवा, अंडी आहेतच.

मला केळीची बाग आठवली, आणि माझी सही.

वरिष्ठांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, कागद वर गेला आहे, आता कोण उघडून बघणार. ते मला अजून टोचतं. कोणी उघडून बघणार नव्हतं, हे खरंच होतं. आणि मी लिहिलेल्या त्या तीन शब्दांनी एका अख्ख्या गावातला आजार कागदावरून पुसला गेला होता.

या किड्याची वाट मी नंतर कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवली, पण प्रत्येक वेळी सांगताना ती बागच डोळ्यांपुढे आली. कोणी शेताच्या कडेला, कुंपणाआड बसून जातं. मैल्याबरोबर पडलेलं अंडं उबदार, ओल्या, सावलीच्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतं. अळी आठवड्याभरात दोनदा कात टाकते आणि मग खाणं सोडून देते. मातीच्या वरच्या थरात, गवताच्या ओल्या पात्यावर ती उभी राहते आणि वाट बघते, तीन-चार आठवडेसुद्धा. पाय पडला की बोटांच्या बेचक्यातून, घोट्याच्या मऊ कातडीतून आत. खाज सुटते ती तेव्हा. तिथून रक्तवाहिनी, हृदय, फुप्फुस. फुप्फुसातून श्वासनळीने वर घशाशी, आणि थुंकीबरोबर गिळली जाऊन खाली लहान आतड्यात. तिथे ती साधारण एक सेंटिमीटरचा जंत होते, आतड्याच्या अस्तराला तोंडाने घट्ट धरते आणि रक्त पिते. कातडीत शिरल्यापासून अंडी घालायला लागेपर्यंत दीड-दोन महिने जातात. मादी दिवसाला हजारो अंडी घालते, आणि जंत वर्षानुवर्षं टिकतो.

माणसात मुख्यतः दोन जाती. नेकेटर अमेरिकानस दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त पितो, अँकायलोस्टोमा ड्युओडिनेल ०.१५ च्या आसपास. वाचायला अगदी नगण्य वाटतं. पण पहिल्या जातीचे शंभर जंत धरा: दिवसाला ३ मिलिलिटर, महिन्याला ९०. बाईच्या पाळीत सर्वसाधारणपणे ३०-४० मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे जिच्या पोटात असे शंभर जंत आहेत तिला दर महिन्याला दोन पाळ्या जास्तीच्या, आणि त्या कोणाला कळतही नाहीत. दुसऱ्या जातीचे शंभर असले तर दिवसाला १५ मिलिलिटर, एक मोठा चमचा. त्यात रोटला, बटाट्याचं शाक आणि छाश यांवर राबणाऱ्या बाईच्या शरीरात दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषलं जातं. तिला लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि जंत तसेच ठेवायचे, म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरत राहायचं.

एवढं रक्त जातं आणि तरी त्या गावात ‘आजारी’ म्हणून कोणी आलं नव्हतं. रक्त हळूहळू, वर्षानुवर्षं कमी होत गेलं की शरीर जुळवून घेतं. बाई जरा सावकाश चालते, भारा डोक्यावर घेताना एकदा थांबते, दुपारी भिंतीला टेकते. तिची जाऊ तशीच, शेजारीण तशीच, आई तशीच होती. गर्भारपणात माती खावीशी वाटते, तर त्याला डोहाळे म्हणायचं. मूल अभ्यासात मागे पडतं, तर डोकं नाही म्हणायचं. सगळा गाव फिका असला की फिकं कोण हे ओळखायला लाल चेहरा आणायचा कुठून? आजार दुर्मीळ असला तर लोक घाबरतात, दवाखाना गाठतात. हा इतका सर्रास आहे की तो आजार राहतच नाही, स्वभाव होतो. आळशी, मंद, अशक्त.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत नेमकं हेच झालं होतं. तिथल्या गरीब, अनवाणी शेतकऱ्यांना बाकीचा देश आळशी म्हणायचा. १९०२ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइल्स यांनी नेकेटर ही वेगळी जात म्हणून वर्णन केली आणि या लोकांच्या पोटात काय आहे ते सांगितलं, तर वर्तमानपत्रांनी किड्याचंच नाव ‘आळसाचा जंतू’ ठेवलं. १९०९ मध्ये उद्योगपती रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले आणि तपासणी सुरू झाली, तेव्हा तिथे शंभरातली सुमारे चाळीस माणसं बाधित निघाली. औषध होतं थायमॉल. हे वाचलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओव्याची बरणी उघडून वास घेतला. थायमॉल हा ओव्याचाच अर्क; त्या काळी तो मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून गेलेल्या ओव्यातून काढत. आमची आजी आम्हाला पोट दुखलं की ओवा चावायला द्यायची, तान्ह्याच्या पाण्यात वावडिंग उकळायची, आणि वर्षातून दोनदा नाक दाबून एरंडेल. ओव्याच्या चिमटीने अंकुशकृमी पडत नाहीत, थायमॉलचा डोस फार मोठा आणि धोक्याचा असे. पण पोटातल्या जंताचा विचार घरात केला पाहिजे हे त्या बाईला ठाऊक होतं.

आणि ही काही उष्ण प्रदेशाच्या नशिबाची गोष्टही नाही. हा जंत पहिल्यांदा नोंदवला डॉक्टर अँजेलो दुबिनी यांनी, १८३८ मध्ये, इटलीतल्या मिलानमध्ये, एका शेतकरी बाईच्या शवविच्छेदनात. पुढे आल्प्सच्या पोटातून गॉटहार्डचा रेल्वे बोगदा खणताना शेकडो मजूर पांढरेफटक पडू लागले. बाहेर डोंगरावर बर्फ. आत बोगद्यात ऊब, ओल, चिखल आणि शौचाची काही सोय नाही. किड्याला अक्षांश-रेखांश कळत नाहीत. त्याला ऊब, ओल, सावली आणि उघड्यावर पडलेला मैला लागतो. आपल्या पट्ट्यात हे चारही फुकट मिळतं, म्हणून तो इथे घर करून आहे. २०१० सालच्या जगभराच्या अंदाजात सुमारे ४४ कोटी माणसांच्या पोटात अंकुशकृमी होते, बहुतेक सगळी उष्ण कटिबंधातल्या खेड्यापाड्यांतली. माझ्यासाठी त्या आकड्याचा अर्थ एवढाच की केळीच्या बागेतली ती बाई बरोबर बोलली होती.

मातीचं मात्र सांगितलंच पाहिजे. बडोद्याच्या दक्षिणेला कानम, कपाशीची काळी चिकण माती. ती पावसात लोण्यासारखी होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अळीला तिच्यात नीट हलता येत नाही, श्वास कोंडतो. महीकडची गोराडू तिला मानवते. आणि उन्हाळ्यात माती तापून अळ्या मेल्या तरी सुटका नाही. १९७३ मध्ये गेऱ्हार्ड शाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधल्या अभ्यासातून दाखवलं की अँकायलोस्टोमाच्या काही अळ्या माणसाच्या शरीरात शिरून तशाच निजून राहतात आणि पुढच्या पावसाच्या सुमाराला वाढून अंडी घालू लागतात. शेतकरी पेरणीसाठी थांबतो तशा. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

सयाजीरावांनी १८९० च्या सुमाराला आजव्याचं तळं बांधून शहराला शुद्ध पाणी दिलं, त्याचा आम्हा बडोदेकरांना रास्त अभिमान आहे. पाण्यातून येणारे रोग त्याने कमी झाले. पण हा किडा पाण्यातून येत नाही. त्याला पायाखालची माती बदलावी लागते, आणि माती बदलायची म्हणजे माणूस कुठे बसतो ते बदलायचं.

१९९२ च्या पावसाळ्यात मी परत त्या गावी गेले, रजा टाकून, गावच्या नर्सबेनना आधी पत्र लिहून. या वेळी सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. शाळेच्या ओसरीवर टेबल, आरशावर उजेड येईल असं तोंड करून, शेजारी गजराचं घड्याळ. पट्टी केली की वेळ लिहायची आणि चाळिसाव्या मिनिटाला वाचायला घ्यायची. अंडी दिसत गेली. काचेमागून काच, तीच पातळ कड, त्याच चार पेशी. मी मोजत होते आणि गेल्या वर्षीच्या कोऱ्या रकान्यातली नावं एकेक भरत होते.

बायका भोवती जमल्या. नोव्हेंबरात दाखल झालेली ती बाईही आली. गोळ्या, दोन बाटल्या रक्त आणि लोह यांनी तिचे ओठ लाल झाले होते. तिने एक डोळा मिटून नळीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग इतरांना म्हणाली, बघा गं, मण्यांसारखं आहे. एकेक करून सगळ्यांनी पाहिलं. मी सांगितलं, चप्पल घाला. त्यांनी ऐकून घेतलं, आणि एक म्हातारी शांतपणे म्हणाली, बेन, पाणी सोडलेल्या वाफ्यात चप्पल दोन पावलंही चालत नाही, आणि तण तर हातांनीच काढायचं ना? मग मी म्हटलं, संडासात जा. तर दुसरी म्हणाली, घरी असता तरी काय, शेत घरापासून अर्ध्या तासावर, सकाळी गेलं की दिवे लागणीला परत. त्या दोघींना उत्तर देण्याजोगं माझ्याजवळ काही नव्हतं. आता त्या भागात घरोघरी संडास झाले आहेत, मी पाहिले आहेत, स्वच्छ ठेवलेले. शेतावर, मजुरांच्या पडावावर ते अजून क्वचितच दिसतात. माझ्या मते या आजाराची खरी गाठ तिथे आहे, आणि ‘चप्पल घाला’ एवढं सांगून आम्ही आरोग्यवाले तिला बगल देत आलो.

औषध आता सोपं आहे. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून खायची. जंतनाशक दिन २०१५ मध्ये काही राज्यांत सुरू झाला आणि पुढे देशभर पाळू लागले, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. शाळेत आणि अंगणवाडीत १ ते १९ वयाच्या मुलांना गोळी मिळते, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी. हे फार मोठं काम आहे आणि मी ते मनापासून मानते. गरोदर बायकांनाही तिसरा महिना उलटल्यावर गोळी देतात. पण अंकुशकृमीची चाल इतर जंतांहून निराळी आहे. गोल जंत मुलांत जास्त असतात. अंकुशकृमीचा भार वयाबरोबर वाढत जातो आणि सगळ्यात जास्त अंडी मातीत टाकणारं माणूस बहुधा मोठं असतं, शेतात राबणारं. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं या जंताचं नाही. शरीर त्याला अडवायला शिकत नाही. मुलाला गोळी देऊन त्याच मातीत सोडलं तर वर्षभरात बरेच जंत परत. तमिळनाडूत, आफ्रिकेतल्या बेनिन आणि मलावीत अख्ख्या गावाला, लहानथोर सगळ्यांना गोळी देऊन साखळी तुटते का, याचे मोठे प्रयोग झाले. मला हा विचार पटतो. जपान आणि दक्षिण कोरियाने हे जंत एका पिढीत जवळजवळ हटवले, पण त्यांनी तपासणी, औषध आणि मैल्याची विल्हेवाट ही तिन्ही कामं एकत्र केली.

निवृत्तीनंतर मी जंतनाशक दिनाला जमेल त्या शाळेत जाऊन बसते. गोळी चावली का ते बघायचं, पाणी द्यायचं, एवढंच काम. गेल्या ऑगस्टात सावली तालुक्यातल्या एका शाळेत होते. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, अंगणातली माती वाफाळत होती. मुलं रांगेत, शिक्षिकाबेन हजेरीपत्रकावर खूण करत होत्या. एक आजी नातवाला घेऊन आली. अनवाणी, पायांना घोट्यापर्यंत चिखल, थेट शेतातून. नातवाने गोळी चावली, तोंड उघडून दाखवलं. आजी तशीच उभी राहिली. मग हात पुढे करून म्हणाली, ‘अने मने?’ आणि मला?

शिक्षिकाबेनने हजेरीपत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या गोळ्या मोजून आलेल्या होत्या, आणि आजीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मी आजींना बाकावर बसवलं, उजेडाकडे तोंड करायला सांगितलं, आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी हळूच ओढली. आत लाली नव्हती. कोऱ्या कागदासारखी.

‘चक्कर येते का, बा?’ मी विचारलं.

‘ए तो बधांने होय,’ त्या म्हणाल्या.

मी पिशवीतून वही काढली आणि त्यांना त्यांचं नाव विचारलं.